बंदी नको, मुरूम द्या

संपादक महोदय,

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी मुलं सायकलवरून उड्या मारतात, त्यावर बंदी घालावी, अशी मागणी करणारं एका वाचकांचं पत्र आपण छापलंत. त्यांची काळजी खरी आहे. पण बंदी आली तर मुलं गोडोलीची बाजू सोडून यवतेश्वरच्या बाजूला जातील, एवढंच होईल. मी साताऱ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो. उडी चुकली की घरी कळायच्या आत सायकल माझ्याकडे येते, आणि ती कुठं वाकलीय ते पाहिलं की पोरगं कसं उतरलं हे मला समजतं. म्हणून हे लिहितोय.

पुढची रिंग चेपलेली आणि चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दांडा, मागं गेलेला असला की समजावं, पोरगं तोंडावर आलं. पुढचं चाक उंचवट्याच्या कडेवरून सुटतं तेव्हा मागचं अजून चढावरच असतं. अशा वेळी अंग ताठ धरून नुसतं बसून राहिलं तर चढ मागच्या चाकाला वर फेकतो आणि सायकलचं तोंड खाली जातं. मुलांनी यावर आपापसात उपाय काढलाय, कडेला आलं की हँडल जोरात वर ओढायचं. त्यानं वजन मागं पडतं, सायकल मागच्या चाकावर आदळते आणि माझ्याकडे चाकातल्या तुटलेल्या तारांचा ढीग जमतो. सगळ्यात वाईट म्हणजे पुरतं पिळवटलेलं चाक. हवेत हँडल तिरकं झालं की असं होतं. तारा वरून आलेला भार पेलतात, आडवा पेलत नाहीत.

उडी हातानं मारायचीच नाही, ती पायानं मारायची. सीट खाली घ्यायची आणि पायडलवर उभं राहायचं. दोन्ही पायडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपरं सैल. वेग आधीच ठरवून घ्यायचा. चढावर पायडल मारायचं नाही आणि ब्रेकला बोट लावायचं नाही. चाक चढाला लागलं की पायांनी सायकल जमिनीत दाबायची आणि कडेजवळ येताना पाय सरळ करत अंग वर उचलायचं. दाबलेली सायकल आपोआप अंगासोबत वर येते. हवेत गेल्यावर गुडघे पोटाकडे येऊ द्यायचे. नजर पुढच्या चाकावर नको, जिथं उतरायचं तिथं हवी. टेकताना हातपाय पुन्हा सैल, म्हणजे धक्का मणक्यात जात नाही.

एवढं सगळं एकदम जमत नाही. आमच्या गल्लीतली सातवीतली एक मुलगी आधी नुसत्या लहान लहान उंचवट्यांवरून पायडल न मारता जायला शिकली. उतरताना दाबायचं, चढताना अंग हलकं करायचं, त्यातूनच वेग मिळतो. चाकं जमिनीवरून न सुटताही उडीचं निम्मं काम त्यात शिकून होतं. तिच्या चाकाचा आउट काढायची, म्हणजे वाकडं झालेलं चाक सरळ करायची वेळ अजून माझ्यावर आलेली नाही, आणि ती आता तिच्या मोठ्या भावापेक्षा लांब जाते.

पण नुसतं तंत्र सांगून भागत नाही, कारण मुलं ज्यावरून उडतात तेच चुकीचं आहे. चार विटा आणि एक फळी. चढ आहे, पण उतार कुठंय? सपाट जमिनीवर उतरलं की सगळा भार एका क्षणात रिंगेवर आणि मनगटावर येतो. तोच उतारावर उतरलं तर चाकं पुढं पळतात आणि धक्का विरून जातो. म्हणून शिकणाऱ्यासाठी चढ, वर सपाट माथा आणि पलीकडे उतार असा भरीव उंचवटा हवा. उडी अपुरी पडली तरी पोरगं माथ्यावरच टेकतं, खड्ड्यात जात नाही. मधे मोकळा खड्डा सोडलेली उडी फार पुढची गोष्ट आहे.

पालकांसाठीही एक सांगतो. जाड टायर आणि शॉकअप दिसलं म्हणजे सायकल उडीची झाली, असं नाही. सायकलसोबत आलेली पुस्तिका फेकू नका. वापरानुसार सायकलींचे प्रकार ठरलेले असतात. एका प्रकाराला १५ सेंटिमीटरपर्यंतच उडी चालते, त्याच्या वरच्या प्रकाराला ६१ सेंटिमीटरपर्यंत. स्वस्तातल्या स्प्रिंगच्या शॉकअपला उसळी आवरणारं काही नसतं, ते दाबलं तेवढ्याच जोरात परत येतं आणि पोराला फेकतं. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदला, आतला फोम दबला की तो पुन्हा उपयोगाचा नसतो.

हा खेळ नाही, खूळ आहे, असंही त्या पत्रात होतं. माउंटन बाइकची शर्यत ऑलिंपिकमध्ये १९९६ पासून आहे आणि उंचवट्यांवरून उडत जाणारी बीएमएक्सची, म्हणजे लहान चाकांच्या सायकलींची शर्यत २००८ पासून. १९५२ साली हेल्सिंकीहून कुस्तीचं पदक आणणारे खाशाबा जाधव आपल्याच जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे. कुस्तीत पोरं पडतात म्हणून इथं कुणी तालमी बंद केल्या नाहीत, हौद खणून माती मऊ केली.

तसंच इथं करावं. शहरातली एखादी पडीक जागा द्यावी. कासच्या पठारावरचा सडा मात्र नको, तिथं कातळावर मातीचा पातळ थर आहे, चाकं फिरली तर फुलं जातील. मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसानं चोपून आधी घोट्याएवढे गोल उंचवटे करावेत, मग गुडघ्याएवढा सपाट माथ्याचा एक. पावसाचं पाणी जायला कडेनं चर हवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात सगळं वाहून जाईल. संध्याकाळी कुणीतरी जाणतं माणूस उभं राहावं आणि हेल्मेट नसलेल्याला आत सोडू नये.

पाऊस उघडल्यावर जमिनीत ओल असते, मुरूम तेव्हाच नीट बसतो. दिवाळीच्या सुट्टीआधी जागा मिळाली तर उंचवट्यांना आकार द्यायला मी येईन, आणि दर रविवारी सकाळी तिथं प्रत्येक सायकलचे ब्रेक, तारा आणि हँडलचे नट फुकट तपासून देईन.

— एक सायकल दुरुस्तीवाला, सातारा