नव्याचे नऊ दिवस, मग दहावा

ताई,

आई-बाबांना साष्टांग आणि तुला नुसताच नमस्कार. परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस ना, असा काय सुकल्यासारखा दिसतोयस, आजारी नाहीस ना, आणि मी व्यायाम करतोय म्हटल्यावर मागून बाबा जे हसले ते इथपर्यंत नीट ऐकू आलं. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, गेल्या चार वर्षांत मी पाच-सहा वेळा तरी "आता सुरू केलंय हां" असं सांगितलं असेल. यावेळी आठ महिने झालेत म्हणून लिहायची हिंमत करतोय. आणि तू जे पुटपुटलीस, की मला कुठे वेळ आहे रे, ते पण ऐकू आलं. म्हणून हे लांबलचक.

आधीच सांगतो, वेळ नाही हे खोटं नसतं. माझं काम तुला माहितीये, दिवसाचे दहा तास तर जातातच, वर महिन्यातला एक आठवडा ऑन-कॉल, म्हणजे रात्री तीनला फोन वाजला की उठून लॅपटॉप उघडायचा. त्यामुळे मी ज्या सबबी सांगायचो त्या सगळ्या खऱ्या होत्या, हीच तर गंमत. खोट्या असत्या तर लाज वाटून तरी उठलो असतो. पण झोप खरंच झालेली नसायची, पाऊस खरंच असायचा, डेडलाईन खरंच उद्याची असायची, मग स्वतःला काय बोलणार.

म्हणून एक उद्योग केला. तीन आठवडे व्यायाम वगैरे काही करायचाच नाही असं ठरवलं, फक्त ज्या क्षणी "आज राहू दे" असं मनात येईल तेव्हा वहीत वेळ आणि कारण लिहायचं. एकूण १७ नोंदी झाल्या. कारणं तऱ्हेतऱ्हेची होती, पण वेळ बघितली तर १७ पैकी १३ नोंदी संध्याकाळी सात ते सव्वासातच्या आतल्या! म्हणजे घरात पाऊल टाकलं, बॅग खांद्यावरच आहे, आणि सोफा समोर. इतकी वर्षं मला वाटायचं की आपल्यात जिद्दच नाही, आणि निघालं काय तर सगळा घोळ त्या पंधरा मिनिटांचा होता. दिवसभरात सगळ्यात थकलेलो असायचो त्या वेळी मी स्वतःला विचारायचो, काय रे, जायचं का? उत्तर काय येणार होतं.

मग इतकंच केलं की तो प्रश्न घरी विचारायचाच नाही. शूज ऑफिसात ठेवले, निघायच्या आधी तिथेच बदलतो (पहिले चार दिवस शेजारचा सहकारी बघून हसायचा, आता तोही येतो कधीकधी), दोन स्टॉप आधी उतरतो आणि घरापर्यंत झपाझप चालत येतो. साधारण २५ मिनिटं लागतात. दार उघडेपर्यंत व्यायाम झालेला असतो, मग सोफ्यावर खुशाल पडावं, कोण विचारतंय.

तू म्हणशील एवढ्याशा चालण्याने काय होतंय. मलाही तेच वाटायचं, व्यायाम म्हणजे जिम, तासभर, घाम निथळला पाहिजे, नाहीतर कशाला करायचा. या "पूर्ण तास" प्रकरणानेच माझी जास्त वाट लावली, तास मिळाला नाही की पाच मिनिटंही नाहीत. म्हणून जरा वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे सांगितलंय त्यात मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं आहे, किंवा दमवणारा असेल तर ७५ ते १५० मिनिटं, आणि आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ताण देणारं काहीतरी. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाता येत नाही एवढा वेग. माझे पाच दिवस २५ म्हणजे १२५, आणि रविवारी ४० मिनिटं सलग, झाले १६५. जिमची मेंबरशिप न घेता! आणि पूर्वी तेच लोक म्हणायचे की एका वेळी सलग १० मिनिटं तरी हवीतच, ती अट आता काढून टाकलीये, तुकड्यातुकड्याने केलं तरी मोजतात. तुझ्यासाठी हे महत्त्वाचं आहे बघ, पोरांच्या मागे धावताना सलग वेळ तुला मिळायचा नाही.

दहा हजार पावलांचं पण असंच. मी घड्याळ घेतलं होतं, सात हजारावर दिवस संपला की नापास झाल्यासारखं वाटायचं. नंतर कळलं की हा आकडा कुठल्या डॉक्टरने तपासून काढलेलाच नाही, १९६५ मध्ये जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच मान्पोकेई, म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. जाहिरातीतला गोल आकडा जगभर पसरला आणि मी इकडे रात्री साडेअकराला खोलीत येरझाऱ्या घालतोय. ते घड्याळ आता ड्रॉवरमध्ये आहे.

बाबांसाठी एक गोष्ट, त्यांना आवडेल. लंडनच्या दुमजली बसवरच्या माणसांचा अभ्यास जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने केला होता, १९५३ मध्ये छापून आला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. तीच बस, तोच रस्ता, पण कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. लगेच फक्त जिन्याला श्रेय देऊ नका म्हणावं बाबांना, कारण नंतर मॉरिसनेच युनिफॉर्मची मापं काढून बघितली तर ड्रायव्हरांच्या कमरा मुळातच जास्त रुंद. पण स्वतः मॉरिस ९९ वर्षं जगले, तेवढं सांगायला हरकत नाही.

आता स्नायूंचं. जोर-बैठका मी ऑनलाईन मीटिंग सुरू व्हायची वाट बघताना मारतो, माणसं गोळा होईपर्यंत चार-पाच मिनिटं जातातच. जोर म्हणजे भिंतीला किंवा टेबलाला टेकून हां, जमिनीवरचे मला अजून सहाच्या वर जात नाहीत. एकदा कॅमेरा चालू राहिला आणि अख्ख्या टीमने माझ्या बैठका बघितल्या. कुणी काही बोललं नाही, हे जास्त वाईट.

आणि मोडलं की काय करायचं, हे मला सगळ्यात उशिरा समजलं. माझं दरवेळी नव्याचे नऊ दिवस व्हायचे, अगदी मोजून नऊ नाहीतर अकरा, मग एक दिवस चुकला की वाटायचं गेलं सगळं, आता सोमवारपासून. तो सोमवार कधी यायचा नाही. लंडनच्याच विद्यापीठातल्या लोकांनी सवयी कशा लागतात ते बघितलं होतं, तर अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस, पण कुणाला १८ आणि कुणाला २५४! एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही हेही त्यांना दिसलं. हे वाचून मला जो काही धीर आला तो विचारू नकोस, कारण बहुतेक मी त्या २५४ वाल्यांतला.

मग नियम एकच ठेवला, लागोपाठ दोन दिवस चुकवायचे नाहीत. ऑन-कॉलच्या आठवड्यात चालणं होत नाही तेव्हा बिल्डिंगचे जिने तीनदा चढायचे, संपलं. रात्री तीनपासून जागा असेन तर तेही नाही, तेव्हा झोपतो, ती सबब मी सबब मानत नाही. मार्चमध्ये कामाच्या धबडग्यात सलग बारा दिवस गेले, नियमबियम सगळं पाण्यात. पण परत सुरू केलं ते गुरुवारी, सोमवारची वाट न बघता, आणि मला त्या गुरुवारचा आठ महिन्यांतल्या सगळ्यात जास्त अभिमान आहे.

वजन म्हणशील तर दोनच किलो उतरलंय, बारीक दिसतो तो कॅमेऱ्याचा प्रताप. पण दुपारी पाठ आखडायची ती कमी झालीये आणि तिसऱ्या मजल्यावर पोचून फोन उचलला तर समोरच्याला धाप ऐकू येत नाही.

तू माझं जसंच्या तसं करू नकोस, तुझी सव्वासातची वेळ वेगळी असेल. आधी वहीच घे, तीन आठवडे नुसतं लिही, आणि लिहिलेलं मला फोटो काढून पाठव. आईला म्हणावं गुडघा दुखतोय तोवर जिन्याचं मनावर घेऊ नकोस, आधी डॉक्टरांना दाखव. बाबांना काय सांगायचं ते बाबाच ठरवतील.

आणि हो, रविवारचा कॉल अर्धा तास उशिरा ठेव, त्या वेळी मी बाहेर असतो.

तुझा,
धाकटा