बाबा, पेपर परत सुरू करा

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "सगळं ठीक आहे गं" म्हणून फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहूनच पाठवतेय.

बाबा, तुम्ही पेपर बंद केला हे मला आईकडून कळलं. पाखरांना घालायच्या सूर्यफुलाच्या बिया महाग झाल्या आणि पेन्शनमधून कुठेतरी काट मारायलाच हवी होती म्हणून. मला रडूच आलं. सकाळी गच्चीवर पेपर वाचत पोपटांची वाट बघणारे बाबा, हेच मी लहानपणापासून बघितलंय, त्यातून पेपर काढून टाकायचा म्हणजे काय?

भाव वाढलाय हे खरंच आहे, आधी जेवढ्यात दोन किलो यायच्या तेवढ्यात आता सव्वा किलो पण येत नाही. शेवटी तेलबियाच त्या, तेल चढलं की त्या पण चढतात. जगातलं अर्ध्याहून जास्त सूर्यफूल रशिया आणि युक्रेनमध्ये होतं, 2022 मध्ये तिकडे युद्ध सुरू झालं आणि इकडे नागपुरात इतवारी बाजारात तेलाच्या डब्याचं काय झालं होतं ते आईला चांगलं आठवत असेल. मग सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने बाहेरून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावरची मूळ कस्टम ड्युटी शून्यावरून 20 टक्के केली, मे 2025 मध्ये 10 वर आणली. आणि आपल्याकडे आता हे पीक राहिलंच किती! 1990 च्या दशकात देशात 20 लाख हेक्टरच्या वर सूर्यफूल होतं, आता त्याच्या एक दशांशाच्या आसपास. मामा पण लावायचा, आठवतं? मी आणि दादा दिवसभर पत्र्याचा डबा बडवत पोपट हाकलायचो तरी ते दाणे भरलेली फुलं पोखरून जायचेच, शेवटी मामाने कंटाळून सोयाबीन धरलं. पोपटांच्या त्रासाने असं कितीतरी शेतकऱ्यांनी सोडलं.

आता हे बघा, 2025-26 चा सूर्यफुलाचा हमीभाव क्विंटलला 7721 रुपये आहे आणि बाजरीचा 2775. दुकानात दोन्ही महागच मिळतात पण फरक एवढा मोठा आहे. आणि चिमण्यांना सूर्यफूल लागतच नाही बाबा, त्यांना बाजरी, ज्वारी, कनकी पुरते, आणि पिल्लांना तर त्या किडेच भरवतात. थंड देशात बर्फ पडतो तेव्हा पाखरांना अंगात चरबी हवी म्हणून लोक या तेलाच्या बिया टाकतात, नागपुरात आपल्या पाखरांना तेवढ्या चरबीची गरज नाही. पोपटांसाठी रोज एक मूठ ठेवा, बाकी भिजवलेले हरभरे, पेरूची फोड, हिरवी मिरची, मक्याचं कणीस. मिरची तर ते किती आवडीने खातात हे तुम्हीच मला दाखवलं होतं!

आणि प्लीज, भाव अजून वाढेल या भीतीने परत दहा किलोचं पोतं आणू नका. मागच्या मे मधे काय झालं, अर्ध्या बिया खवट झाल्या, उरलेल्यात जाळं झालं, आणि ते सगळं फेकताना तुमचा चेहरा मी व्हिडिओ कॉलवर बघितला होता. आपल्या उन्हाळ्यात तेलाची बी टिकत नाही. दोन किलोच आणा, डब्यात घट्ट बंद करा.

आई, खांबाला टांगलेल्या त्या ट्रेखालच्या कुंडीत मेथी उगवत नाही म्हणून तू माती बदलून राहिली ना, माती नको बदलू. सूर्यफुलाच्या सालपटांमुळे खाली दुसरं रोप नीट वाढत नाही. सालपटं रोज झाडून घे नाहीतर कुंडी तिथून हलव.

नवतपा, मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, यायचाच आहे, तेव्हा दाण्याहून पाणी महत्त्वाचं. दोन सकोरे सावलीत ठेवा, रोज घासून ताजं पाणी भरा. बाबा, दुपारी तुम्ही गच्चीवर जाऊ नका, सकाळी सात आणि संध्याकाळी सूर्य उतरल्यावर, एवढंच.

पेपरवाल्या दादांना मी काल फोन केला, सोमवारपासून पेपर येईल, वर्षाचे पैसे दिले आहेत. पाखरांच्या दाण्यासाठी पण दर महिन्याला वेगळे पाठवतेय, ते औषधात नका घालू, औषधाचे वेगळे आहेतच.

कोतवालाचं जोडपं यंदा पण आंब्यावर घरटं करतंय का ते कळवा. मी जूनमध्ये येतेय, चार दिवसांची रजा काढलीय.

तुमची,
छकुली