टायटॅनियम टॉर्च : नोंदणी आणि सोडत

सभासदहो, आपल्या टॉर्चचे सुटे भाग लेथवरून उतरले आहेत, जुळणी सुरू आहे. एकूण ५० नगच होतील.

– रविवारी रात्री ९ पर्यंत इथेच नाव नोंदवा. आधी नाव दिलं म्हणून आधी मिळणार नाही. रात्रपाळीवाल्यांवर तो अन्याय होतो. सोमवारी संध्याकाळी ७ वाजता ग्रुप कॉलवर, सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढू.
– एका सभासदाला एकच. चढ्या भावाने विकू नका, ही कळकळीची विनंती. नको असेल तर मूळ किमतीत प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या सभासदाला द्या.

टायटॅनियम उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा फारच कमी वाहून नेतं, म्हणून एलईडीखाली तांब्याची चकती बसवली आहे. तरीही पूर्ण प्रकाशावर सतत चालवू नका. आट्यांना ग्रीस लावत राहा; टायटॅनियमचे कोरडे आटे एकमेकांत रुतून बसतात.