आला ना राग? मग ठरलं!

कोथरूड, पुणे
२८ नोव्हेंबर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "प्रेमाचे सिनेमे मला आता बघवत नाहीत. दिवसभर कोर्टात जे बघतो, त्यानंतर ते सगळं खोटं वाटतं." त्यावर मी गप्पच राहिलो. फोन ठेवला, पण तुझा आवाज मनातून जाईना. एरवी तू असलं काही बोललास की आपलं तासभर भांडण होतं, आणि या वेळी तूही भांडला नाहीस, मीही नाही. म्हणून हे पत्र. फोनवर मला इतकं सलग सांगता आलं नसतं.

गेल्या रविवारी आम्ही घरी सगळ्यांनी मिळून 'एन्चँटेड' पाहिला. डिस्नेचा, २००७ सालचा, केव्हिन लिमा दिग्दर्शक. आला तेव्हा पोरांचा सिनेमा म्हणून मी सोडून दिला होता. आता ताईची चिऊ दोन दिवस राहायला आली होती, तिच्यासाठी लावला. प्रेक्षक म्हणशील तर चिऊ, आई, दिवाळीला आलेली आणि अजून न गेलेली आत्या, मीनल, रेवती आणि मी. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून मी तिच्या शेजारी बसून एकेक वाक्य मराठीत सांगत होतो. त्यामुळे झालं असं, की सिनेमा मी एकदा डोळ्यांनी पाहिला आणि एकदा आईच्या तोंडावर पाहिला.

गोष्ट थोडक्यात सांगतो. आटपाट नगर आहे, अँडलेशिया नावाचं, सगळं हाताने काढलेल्या चित्रांचं. तिथे जिझेल नावाची मुलगी राहते, राजपुत्र एडवर्ड तिला भेटतो, दोघं एक गाणं म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी लग्न ठरतं. राजपुत्राची सावत्र आई नरिसा कपट करून तिला विहिरीत ढकलते, आणि जिझेल वर येते ती न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, रस्त्यातलं गटाराचं झाकण उचलून. आता ती चित्र नाही, हाडामांसाची बाई आहे, अंगावर तोच लग्नाचा अवाढव्य झगा. तिला आसरा देतो तो रॉबर्ट. त्याची बायको त्याला सोडून गेलेली आहे, लहान मुलगी पदरात आहे, आणि विन्या, तो घटस्फोटाचे खटले चालवणारा वकील आहे! मुलीला परीकथांचं पुस्तक न देता कर्तबगार बायकांच्या चरित्रांचं पुस्तक देतो, पोर हिरमुसते, आणि तो तिला मेरी क्युरीबद्दल सांगत राहतो. ते पाहताना मला तूच दिसलास. तूही कधी वाईट बापासारखा वागला नाहीस, फक्त मुलांना फसवायचं नाही म्हणून त्यांना गोष्टीच सांगायच्या बंद केल्यास.

आईचं लक्ष सुरुवातीला गोष्टीत नव्हतंच, कपड्यांत होतं. तुला आठवतंय ना, नारायण पेठेतल्या वाड्यात तिचं मशीन खिडकीशी असायचं आणि आपल्या दोघांचे शाळेचे शर्ट तिने एकाच ताग्यातून बेतले होते. सिनेमात सकाळी रॉबर्ट बघतो तर खिडकीच्या पडद्याला झग्याच्या आकाराचं भगदाड! जिझेलने पडदा कापून झगा शिवलाय. चिऊ टाळ्या वाजवायला लागली. आई मात्र पुढे सरकून म्हणाली, "थांबव जरा." मी थांबवला. चष्मा पुसून तिने नीट पाहिलं. "असा कुणी कापत नाही. मापाला धरून सरळ कापलाय, उरेब धरून तिरका कापला असता तर घेर छान पडला असता. पण बाह्या बघ, चुण्या किती सारख्या घातल्यात. हात आहे पोरीचा." मग बऱ्याच वेळाने, नाचाच्या प्रसंगाला, ती स्वतःहून म्हणाली, "तिच्या झग्याचा घेर कमी होत चाललाय बघ." मी थक्क झालो. खरंच होतं ते. पहिला लग्नाचा झगा दारातून मावत नाही, पडद्याचा झगा त्याहून आटोपशीर, आणि राजाराणीच्या नाचाला सगळे जुन्या थाटाचे पोशाख घालून आलेले असताना ही एकटीच साध्या, सरळ, अंगासरशी बसणाऱ्या झग्यात येते. ती आटपाट नगरातून आपल्या जगात येत चालली आहे, हे सिनेमाने कुणाच्या तोंडून सांगितलं नाही. आईने ते कापडावरून ओळखलं.

आत्याला साफसफाईचं गाणं मुळीच सोसलं नाही. जिझेल खिडकीत उभी राहून जनावरांना हाक मारते, पण न्यूयॉर्कमध्ये हरणं-ससे कुठून येणार, येतात ते उंदीर, कबुतरं आणि झुरळं. आणि ती सगळी मिळून भांडी घासतात, न्हाणीघर धुतात. आमच्या बाल्कनीला कबुतरांसाठी गेल्याच महिन्यात जाळी ठोकून घेतली आहे, त्यामुळे आत्याने पदर डोळ्यांवर घेतला आणि "झालं का?" एवढंच विचारत राहिली. मला मात्र ते फार आवडलं. त्या शहरात जे आहे त्याच्याशीच ती पोर गोडीने वागते, चांगलं काही मिळेपर्यंत गाणं राखून ठेवत नाही. अ‍ॅमी अ‍ॅडम्स हे काम ज्या सरळपणाने करते ना, तिथेच सिनेमा तरतो. एका क्षणासाठी जरी तिने डोळा मिचकावून 'मला माहितेय हे बावळट आहे' असं दाखवलं असतं, तर सगळं कोसळलं असतं. ती दाखवत नाही.

गाणी अ‍ॅलन मेंकन आणि स्टीफन श्वार्ट्‌झ यांची आहेत. ऑस्करला या एकाच सिनेमातल्या तीन गाण्यांना नामांकन होतं, मिळालं दुसऱ्याच सिनेमाला. सेंट्रल पार्कमधलं ते मोठं गाणं ऐक. रॉबर्ट पाच वर्षं ज्या बाईबरोबर आहे तिला त्याचं प्रेम कळतं का, असं जिझेल त्याला विचारते. तो म्हणतो, कळतंच की. ती विचारते, कसं? आणि सगळी बाग गायला लागते. आपण वाड्याच्या गच्चीवर पडून पहाटेपर्यंत याच एका प्रश्नावर बोलायचो.

रेवतीने मात्र सिनेमाला धारेवर धरलं. तिचा राग रॉबर्टच्या त्या प्रेयसीच्या, नॅन्सीच्या बाजूने. "तिचं काय चुकलं? पाच वर्षं थांबली, आणि तीन दिवसांत दुसरी आली म्हणून हिला कुणाच्या तरी राजपुत्राबरोबर चित्रांच्या गावात पाठवून दिलं. फोन फेकून देते ती तिथे! तिचं काम, तिची माणसं, कुणाला काही सांगितलं तरी का?" आणि पुढे तिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. नॅन्सीचं काम केलेली इडिना मेंझेल ही रंगभूमीवरची नावाजलेली गायिका, २००४ साली गाण्याच्या नाटकासाठी टोनी पुरस्कार मिळालेली, आणि या सिनेमात तिला एकही गाणं नाही. सगळं जग गातंय आणि जिला खरोखर गाता येतं ती गप्प. रेवतीचं म्हणणं मला पटलं, विनायक. तिथे सिनेमा उणा आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही. शेवटी नरिसा ड्रॅगन होते, ती मारामारीही मला लांबलेली वाटली. पण रेवतीला तीच आवडली, कारण तिथे तलवार घेऊन उंच इमारतीवर चढते ती जिझेल, आणि ड्रॅगनच्या पंजात असतो तो रॉबर्ट.

मीनलने एडवर्डची बाजू घेतली. बसच्या टपावर चढून तलवार खुपसणारा, टीव्हीला जादूचा आरसा समजणारा तो राजपुत्र तिला सगळ्यांत सच्चा वाटला. "त्याने तिला शोधायला विहिरीत उडी मारली. याहून जास्त कोण काय करतं?" खरं आहे. जेम्स मार्सडेनने त्याला कुठेही हास्यास्पद होऊ दिलेलं नाही. तो वाईट नाही. तो फक्त कधी तिच्याशी बोललाच नाही, तिच्याबरोबर गायलाय तेवढंच.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय तो प्रसंग.

रात्र आहे, घरात दोघंच जागी. जिझेल म्हणते, एडवर्ड येईल. रॉबर्ट म्हणतो, नाही येणार, असं काही नसतं, आणि प्रत्येक गोष्टीला नाही, नाही, नाही. ती चिडते. पण चिडणं म्हणजे काय हेच तिला माहीत नाही, कारण आटपाट नगरात कुणी चिडतच नाही. तिला शब्द सापडत नाही. ओठ हलतात, हाताच्या मुठी वळतात, आणि मग एकदम तो शब्द तोंडातून फुटतो. मी आईला सांगितलं, "ती म्हणतेय, मला राग आलाय." जिझेल क्षणभर थबकते आणि हसायला लागते. आनंदाने हसते! मला राग आलाय, मला राग आलाय, असं पुन्हा पुन्हा म्हणते. रॉबर्ट घाबरून विचारतो, बरं आहे ना? ती म्हणते, छान आहे मी.

आई म्हणाली, "आला ना राग? मग ठरलं आता. ही याच्याशीच लग्न करणार."

सिनेमा तेव्हा निम्माच झाला होता.

चिऊने विचारलं, आजी, तुला कसं कळलं? आईने टीव्ही बंद करायला लावला नाही, पण गोष्ट सांगितली, आणि आम्ही पुढची दहा मिनिटं त्या गोष्टीपायी गमावली. लग्नानंतर दोन वर्षं ती बाबांवर एकदाही रागावली नव्हती. सासर होतं, भीती होती, आणि बाबा स्वभावाने चांगले, तेव्हा रागवायचं कशाला? मग एका आठवड्यात त्यांनी तिसऱ्यांदा न सांगता जेवायला माणसं आणली. आईने पेटता स्टोव्ह बंद केला, मेथीची जुडी तशीच टाकली आणि वाड्याच्या जिन्यावर जाऊन बसली. एक शब्द बोलली नाही. थोड्या वेळाने बाबा आले. समजूत घातली नाही, ओरडलेही नाहीत. मेथी आणि ताट घेऊन तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि निवडायला लागले. वाईट निवडत होते, काड्याच जास्त ठेवत होते. पाहुणे वर वाट बघतायत आणि ही दोघं जिन्यावर. "त्या दिवसापर्यंत मी त्यांच्या घरात राहत होते," आई म्हणाली. "त्या दिवशी घर माझं झालं."

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली.

नंतर आई म्हणाली, "यांच्या गोष्टी लग्नाला येऊन संपतात. आपल्या कहाण्या तिथून सुरू होतात." आणि तिने मोजून दाखवलं: श्रावणात ती ज्या कहाण्या वाचायची, त्यांत राजा असतो, त्याला राण्या असतात, एक आवडती, एक नावडती. नावडतीला गावाबाहेरची झोपडी. लग्न कधीच झालेलं असतं, आणि पुढे काय, एवढीच सगळी कहाणी. या सिनेमाला ते 'पुढे काय' विचारावंसं वाटलं, म्हणून तो तिला आपला वाटला. जिझेलने शेवटी कपड्यांचं दुकान काढलं हे पाहिल्यावर तर विचारू नकोस. दुसरा भाग २०२२ मध्ये आला, तोही आम्ही लगेच लावला. त्यात ती मजा नाही, अर्ध्यावर ठेवला.

आता तुझ्या कोर्टाकडे येतो. सिनेमात रॉबर्टच्या ऑफिसात एक जोडपं घटस्फोटासाठी येतं, टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून तावातावाने भांडतं. जिझेलला कळतं की हे दोघं कायमचे वेगळे होणार, आणि ती तिथेच रडायला लागते. पुढे ते जोडपं पुन्हा एकत्र येतं. तू असतास तर इथेच उठून गेला असतास, मला माहीत आहे. पण एकदा पर्वती चढताना अर्ध्या वाटेत दम खायला बसलो होतो, तेव्हा तू मला काय म्हणाला होतास ते आठव. माझ्या केबिनबाहेर जी एकमेकांवर ओरडतात, म्हणालास, त्यांतली कधीकधी परत घरी जातात. जी बाकाच्या दोन टोकांना आपापल्या फोनमध्ये डोकं घालून शांत बसतात, ती कधीच जात नाहीत. त्यांचं राग येणंही संपलेलं असतं.

तू पंचवीस वर्षांच्या वकिलीतून जे बोललास, तेच आई वाड्याच्या जिन्यावरून बोलली, आणि तेच हा सिनेमा बोलतोय. मग तो खोटा कसा? प्रेम तीन दिवसांत होतं की नाही यावर माझ्याशी वाद घाल, ते मलाही पटलेलं नाही. पण ती पोर रागावल्यावर हसते ना, ते मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही प्रेमाच्या प्रसंगाइतकं खरं आहे.

आणि खरं सांगू, मला काळजी तुझी वाटली. परवा तू माझ्यावर चिडला नाहीस. मी मुद्दाम दोनदा डिवचलं, तरी "असेल बाबा" म्हणालास. वैशालीवहिनींशीही तू असाच बोलतोस का आता? नको असा शांत होऊस रे.

पुढच्या महिन्यात नाशिकहून दोघंही या. शनिवारी रात्री पोहोचलात तर रविवार सबंध मिळेल. सिनेमा मी पुन्हा लावीन आणि तू मध्येच थांबवून हवी तेवढी भांडणं कर. चिऊने आमचा दिवाणखान्यातला जुना पडदा मागून घेतला आहे. आईने मशीनला तेल घातलंय, सहा वर्षांनी, आणि झग्याचं माप झालं आहे. या वेळी ती उरेब धरणार आहे. "विन्या येईल तोवर होईल," म्हणते, आणि तुझ्या शर्टासाठी तुझी छाती आता किती, ते कळवायला सांगितलं आहे. आठवणीने लिही.

तुझाच,
श्रीकांत