चि. मुक्तास

रत्नागिरी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आखातात राजेच आहेत, तिथे कसली आलीय लोकशाही?" मला ते लागलं. ज्या कुवेतमध्ये तुझं बालपण गेलं, त्याच्याबद्दल तरी असं एका वाक्यात बोलू नकोस.

तिथल्या व्यापाऱ्यांनी १९३८ मध्येच निवडून आलेली परिषद मिळवली होती. ती काही महिन्यांत मोडली गेली. पुढे १९६२ ची राज्यघटना आली, १९६३ मध्ये संसद भरली. अमिराने संसद बरखास्त केली तर दोन महिन्यांत निवडणूक घ्यायची, असं घटना सांगते. १९७६ आणि १९८६ मध्ये ही अट सरळ बाजूला ठेवली गेली.

मग लोक जमले दिवाणियांत. सालमियात आपल्या मागच्या गल्लीत संध्याकाळी गाड्यांची रांग लागायची, आठवतं? घराला लागून असलेली ती पुरुषांची बैठक. राजकीय पक्षांना मान्यता नाही, सभेवर निर्बंध. पण घरी आलेल्या पाहुण्याला कोण अडवणार? १९८९ च्या अखेरीस माजी खासदारांनी दर सोमवारी वेगवेगळ्या दिवाणियांत माणसं जमवायला सुरुवात केली, मागणी एकच, संसद परत द्या. शेवटी पोलिसांनी तिथेही वाट अडवली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने आक्रमण केलं. परागंदा झालेल्या राजघराण्याने घटना पुन्हा लागू करायचं वचन दिलं आणि १९९२ मध्ये निवडणूक झाली. हे वचन कुणी मेहेरबानी म्हणून दिलेलं नव्हतं, असं मला ठामपणे वाटतं.

पण या बैठकींचं नुसतं कौतुकही करू नकोस. तिथे बायका कुठे होत्या? १९९९ मध्ये अमिराने वटहुकमाने स्त्रियांना मताधिकार दिला, तर निवडून आलेल्या संसदेनेच तो फेटाळला. त्याच आशयाचं विधेयकही दोन मतांनी पडलं. राजा देतोय आणि लोकप्रतिनिधी नाकारताहेत! तरी तिथल्या बायका थांबल्या नाहीत. मतदारनोंदणीला गेल्या, परत पाठवल्यावर कोर्टात गेल्या, संसदेसमोर उभ्या राहिल्या. मे २००५ मध्ये कायदा झाला. २००९ मध्ये चार जणी निवडून आल्या, त्या दिवशी मला माझ्याच घरातलं कुणी जिंकल्यासारखा आनंद झाला होता.

१० मे २०२४ ला अमीर शेख मिशाल यांनी संसद पुन्हा बरखास्त केली, घटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केली. संसद आणि मंत्रिमंडळाच्या सततच्या खेचाखेचीला वैतागलेली माणसं तिथे होती, हे खरं. म्हणून संसदच बंद करणं मला मान्य नाही.

तुझ्या प्रबंधात बिदूनांवर एक प्रकरण जरूर कर. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेली, पण नागरिकत्व नसलेली ही माणसं. आपल्यालाही तिथे मत नव्हतं, पण आपल्याला परतायला रत्नागिरी होती.

तुझी,
आई