चष्मा उतरणे हा खरा फायदा नव्हे

मायनस नंबर असलेल्या मुलांनी रात्री घालायच्या ऑर्थो-के लेन्सवरील आपला लेख वाचला. त्यातील ‘दिवसा चष्म्यापासून सुटका’ यावरचा भर खटकला. झोपेत ही कडक लेन्स कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) मध्यभागी किंचित सपाट करते; वापर थांबवला की नंबर परत येतो. खरे मोल आहे ते डोळ्याची लांबी वाढण्याचा वेग मंदावण्यात; ही लांबी वाढते तसा मायनस नंबरही वाढतो. हाँगकाँगमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांतील ही वाढ साधा चष्मा लावणाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी आढळली. लांबी जितकी आटोक्यात, तितका पुढे नेत्रपटल (डोळ्याच्या आतला मागचा पडदा, रेटिना) सुटण्याचा धोका कमी. पालकांना हे आधी सांगायला हवे. आणि लेन्स किंवा तिची डबी नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये, हेही. त्या पाण्यातला अमीबा कॉर्नियाला गंभीर संसर्ग करू शकतो.

– एक पालक