खगोलशास्त्राचं पाठ्यपुस्तक कसं पारखावं, हे शिकवणाऱ्या सरांना

मुंबई

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

पदवीच्या पहिल्या वर्षाला खगोलशास्त्राचा ओपन इलेक्टिव्ह (कुठल्याही शाखेच्या मुलांना घेता येणारा ऐच्छिक विषय), वर्गात कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तिन्ही शाखांची मुलं, आणि हातात २ क्रेडिट म्हणजे जेमतेम ३० तास. एवढ्यात बसेल असं पुस्तक कसं पारखायचं, हे निवृत्तीनंतरही वेळ काढून तुम्ही आम्हा शिक्षकांना शिकवलंत. इतर महाविद्यालयांतही हाच प्रश्न दर जूनला उभा राहतो, म्हणून हे आभार जाहीरपणे मानतो आहोत.

अनुक्रमणिका सगळ्या पुस्तकांची सारखीच असते, आधी ऋतूंची आकृती उघडा, असं तुम्ही म्हणालात. बहुतेक ठिकाणी पृथ्वीची कक्षा तिरकस कोनातून काढलेली असते. ती अंड्यासारखी लांबट दिसते आणि ‘सूर्याजवळ गेलो की उन्हाळा’ हा शाळेपासूनचा गैरसमज आणखी पक्का होतो. प्रत्यक्षात कक्षा १० सेंटिमीटर लांबीची काढली, तर तिच्या लांबी-रुंदीतला फरक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाही भरत नाही. पेन्सिलीची रेघ त्याहून जाड असते. शिवाय पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्या ऐन थंडीत. आकृतीखाली याचा उल्लेख नसेल, तर ते पुस्तक पहिल्याच फेरीत बाद. चंद्रकलांची आकृतीही याच कसोटीवर. पृथ्वी १ सेंटिमीटरची काढली तर चंद्र तिच्यापासून ३० सेंटिमीटर दूर काढावा लागतो, पानावर तो मावतच नाही. हे स्पष्ट सांगितलेलं नसलं की अर्धा वर्ग चंद्राच्या कला म्हणजे पृथ्वीची सावली समजतो, आणि मग दर अमावास्या-पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. चंद्राच्या कक्षेचा पृथ्वीच्या कक्षेशी असलेला ५ अंशांचा कल तिथेच, त्याच पानावर हवा.

सर्वांत मोलाची ठरली ती तुमची अक्षांशाची कसोटी. परदेशी पुस्तकांतले नकाशे साधारण ४० अंश उत्तरेच्या वाचकासाठी काढलेले असतात. तिथे ध्रुवतारा बराच वर असतो आणि सप्तर्षी मावळत नाहीत. मुंबई १९ अंशांवर आहे. इथे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठींवर, म्हणजे हात ताठ पुढे करून धरलेल्या दोन मुठींइतका वर असतो, आणि बहुतेकदा समोरच्या इमारतीमागे लपतो. मुलं पुस्तकाबरहुकूम वर बघतात आणि भलताच तारा ध्रुव म्हणून वहीत उतरवतात. मध्यान्हीचा सूर्य नेहमी दक्षिणेला असतो, हे वाक्यही आपल्याकडे खोटं ठरतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो उत्तरेला असतो, आणि या काळाच्या दोन टोकांना शून्य सावलीचे दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर असण्याचे दिवस, येतात. दुसरा बहुधा ढगांतच जातो. उलट ४० अंशांवरून जो कधीच दिसत नाही तो अगस्ती तारा आपल्याला फेब्रुवारीच्या रात्री दक्षिणेला १८ अंश उंचीवर ठसठशीत दिसतो.

निरीक्षणाचे स्वाध्यायही यावरूनच निवडायचे. पावसाळ्याचे चार महिने आकाश बंद, त्यामुळे काम खऱ्या अर्थाने नोव्हेंबरनंतर सुरू होतं. आकाशगंगा शहरातून दिसत नाही, तो स्वाध्याय सरळ गाळायचा. चंद्र, शुक्र, गुरू, मृग एवढं घराच्या गच्चीवरून जमतं. आणि चौपाटीवरून मावळतीची जागा टिपणं हा तर मुंबईचा हक्काचा स्वाध्याय: वर्षभरात ती ऐन पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश सरकते. त्यासाठी दुर्बीण लागत नाही.

गणितासाठी तुम्ही केप्लरच्या तिसऱ्या नियमाचं (अंतराच्या घनाचं वर्गमूळ म्हणजे ग्रहाचं वर्ष) एकच उदाहरण तपासायला सांगितलंत: गुरूचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या ५.२ पट, त्याचा घन १४०.६, वर्गमूळ ११.९, म्हणून गुरूचं वर्ष आपल्या जवळपास १२ वर्षांचं. ही पायरी-पायरीची मांडणी आहे का, की सूत्र देऊन पुस्तक पुढे सरकलंय? ताऱ्यांच्या प्रतींचंही, म्हणजे त्यांचं तेज सांगणाऱ्या आकड्यांचंही, तसंच. प्रतीत ५ चा फरक म्हणजे तेजात १०० पट, आणि आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, इतकं पुरे. तिथेच लॉगॅरिदम आणला की वाणिज्यची मुलं पुस्तक मिटतात.

छपाईकडे तर आमचं लक्षच नव्हतं. स्वस्त आवृत्तीत किंवा झेरॉक्समध्ये हायड्रोजनच्या वर्णपटातली ६५६ नॅनोमीटरची लाल आणि ४८६ ची निळसर हिरवी रेषा, दोन्ही करड्या होतात. रेषेशेजारी आकडा छापलेला असेल तरच आकृती कामाची. आवृत्ती बदलली की प्रश्नांचे क्रमांकही बदलतात, म्हणून गृहपाठ प्रश्नाच्या पहिल्या शब्दांवरून द्यावा, ही सूचना आम्ही लगेच अमलात आणली.

पुस्तक ताजं आहे का, हे हबल स्थिरांकावरून, म्हणजे विश्व किती वेगाने प्रसरण पावतं ते सांगणाऱ्या आकड्यावरून, ओळखा म्हणालात, ते अगदी पटलं. ६७ आणि ७३ ही दोन्ही मोजमापं देऊन ती जुळत नाहीत हे मोकळेपणाने सांगणारं पुस्तक मुलांना विज्ञान चालू असलेलं दाखवतं.

आता ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या प्रकल्पाचं पुस्तक, २०२२ ची दुसरी आवृत्ती, मुख्य म्हणून ठरलं आहे. त्यात ३० प्रकरणं आहेत. तासाला एक अशी पळापळ न करता आम्ही १२ निवडली. मुंबईचं आकाश त्यात अर्थातच नाही, म्हणून वर लिहिलेल्या दुरुस्त्यांची दोन पानांची मराठी पुरवणी केली आहे. सोबत तिचा कच्चा मसुदा आहे. सप्तर्षींच्या उदय-अस्ताचा तक्ता तेवढा नजरेखालून घालावा, ही विनंती. तुमच्या खुणा आल्या की छपाईला देऊ.

आपले,
खगोलशास्त्र शिकवणारे आम्ही सारे